पॅलिएटिव्ह केअरच्या रिसर्च टीममध्ये एमएसडब्ल्यूवाल्यांचं काम नेमकं काय असतं?

मृण्मयी_सांगली
नमस्कार मंडळी. एमएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कमधलं मास्टर्स, झालंय, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात थोडा अनुभव आहे. आता एका कॅन्सर हॉस्पिटलच्या पॅलिएटिव्ह केअर विभागात, म्हणजे गंभीर आजारात पेशंटचा त्रास कमी करायचं काम चालतं तिथे, रिसर्च प्रोजेक्टवर माझं सिलेक्शन झालंय. टीममध्ये दोन डॉक्टर, एक नर्स, सायकॉलॉजिस्ट, फिजिओ, स्टॅटिस्टिशियन आणि मी. घरी बाबांचं म्हणणं असं की जिथे माणूस बरा होणार नाही तिथे संशोधन कसलं करणार, आणि केलंच तर डॉक्टर करतील, तू नुसती फॉर्म भरणार. मलाही त्यांना धड उत्तर देता येईना. डॉक्टर सोडून बाकीच्यांचा अशा संशोधनात खरंच वाटा असतो का? आणि दुसरं, जास्त छळणारं, म्हणजे एवढ्या आजारी माणसापुढे प्रश्नावली घेऊन बसणं बरोबर आहे का? कोणी प्रत्यक्ष काम केलेलं असेल तर प्लीज सांगा.

सिस्टर_सातारा
मृण्मयी, आधी अभिनंदन. मी नर्स आहे, होम केअरला बरीच वर्षं होते, आता रिसर्च नर्स म्हणून काम करते, त्यामुळे सविस्तरच लिहिते.

बाबांना सिसिली सॉन्डर्स बाईंबद्दल सांग. लंडनला १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारं केंद्र, त्यांनी सुरू केलं, तिथून हे सगळं आजच्या रूपात आलं. त्या आधी नर्स होत्या, मग हॉस्पिटलातल्या सोशल वर्कर झाल्या आणि डॉक्टर झाल्या त्या सगळ्यात शेवटी. दुखणं नुसतं शरीराचं नसतं, मनाचं, घरच्यांच्या काळजीचं, श्रद्धेचं सगळं एकत्र असतं हे त्या मांडू शकल्या कारण पेशंटच्या कॉटशी तीन वेगवेगळ्या नात्यांनी उभ्या राहिल्या होत्या. आणि हॉस्पिसमध्ये संशोधन हवंच असा त्यांचा पहिल्यापासून आग्रह. १९७१ मध्ये रॉबर्ट ट्वायक्रॉस तिथे रिसर्च फेलो म्हणून आले. तेव्हा तिकडे तीव्र वेदनेला हेरॉइन, म्हणजे डायमॉर्फिन, देत आणि ते मॉर्फिनपेक्षा सरस असं सगळे धरून चालले होते. ट्वायक्रॉसनी दोन्ही तोंडाने नियमित देऊन नीट तुलना केली तर म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. आज आपण साध्या मॉर्फिनच्या गोळ्या बिनधास्त देतो त्यामागे असली कामं आहेत. बरा न होणाऱ्या माणसावरचं संशोधन ते हेच.

आता तुझ्या कामाचं. वेदना, थकवा, मळमळ, दम लागणं, झापड येणं, चिंता हे सगळं ० ते १० मध्ये विचारायचा एक तक्ता असतो, एडमंटन स्केल म्हणतात त्याला, तुला पहिल्याच आठवड्यात भेटेल. कागदावर सोपा दिसतो. पण आमच्याकडच्या एका आजींना शून्य ते दहा काही केल्या कळेना, त्या आपल्या सांगायच्या "आज बारा आणे दुखतंय, काल रुपायाच्या वर होतं". शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण दुखणं मोजायला तिच्याकडे स्वतःचं माप होतं. तिथे घाईघाईत "आठ लिहू का आजी?" असं आपणच सुचवलं की त्या हो म्हणणार आणि तो आकडा आपला होणार, त्यांचा नाही. सून शेजारी उभी असेल तर त्या दुखत नाही म्हणतात, सून चहा ठेवायला आत गेली की खरं बोलतात. हे कळायला सोशल वर्करच लागतो. त्याला फॉर्म भरणं म्हणायचं तर म्हणा, पण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

दुसऱ्या प्रश्नावर दुसऱ्या कोणी लिहावं, माझी ड्यूटी सुरू होतेय.

आकडेमोड_पुणे
मी स्टॅटिस्टिशियन, म्हणजे आकडेवारीचं विश्लेषण करणारा, टीममधला पेशंटला कधीच न भेटणारा माणूस. उदाहरण देतो. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या टीमने २०१० साली न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापला, मुख्य डॉक्टर जेनिफर टेमेल. फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेला असल्याचं नुकतंच कळलेले १५१ पेशंट, निम्म्यांना नेहमीची ट्रीटमेंट आणि निम्म्यांना त्यासोबत सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह केअर. बारा आठवड्यांनी दुसऱ्या गटाचं जगणं जास्त सुसह्य होतं, डिप्रेशनची लक्षणं १६ टक्क्यांत, पहिल्या गटात मात्र ३८ टक्क्यांत. शेवटच्या काळात जड ट्रीटमेंट त्यांना कमी दिली गेली आणि तरीही ते जास्त जगले, मध्यक (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) ११.६ महिने विरुद्ध ८.९. पॅलिएटिव्ह म्हणजे हात टेकले असं समजणाऱ्या प्रत्येकाला हे दाखवावं.

त्या पेपरवरची नावं बघ. डॉक्टर आहेतच, पण पहिल्या बाईंच्या पाठोपाठ सायकॉलॉजिस्ट, मग स्टॅटिस्टिशियन, मग नर्स. पुढे अजून एक नर्स आणि एक सायकियाट्रिस्ट.

आणि आमची खरी अडचण ऐक. त्या १५१ पैकी २७ जण बारा आठवड्यांच्या आतच गेले. राहिलेल्या १२४ पैकी १०७ जणांनी फॉर्म भरले. आपल्या विषयात हे होणारच, पण रिकामी जागा का रिकामी आहे हे मला कळलं पाहिजे, पेशंट गेला, की फार थकला होता, की गावी गेला, की नातेवाईकांनी नको म्हटलं. जे सगळ्यात आजारी त्यांचेच फॉर्म राहतात, त्यांना सरळ वगळलं तर निकाल आहे त्यापेक्षा गोड दिसतो. हे कारण लिहिणारी व्यक्ती म्हणजे तू. माझ्या एका प्रोजेक्टवरची सोशल वर्कर प्रत्येक न भरलेल्या फॉर्मवर दोन ओळी लिहायची, त्या ओळींनी माझं ॲनालिसिस वाचवलंय. सॉफ्टवेअर कितीही भारी आणा, त्या दोन ओळी त्यातून येत नाहीत.

निपाणीचा_संतोष
दुसऱ्या प्रश्नावर मी लिहितो, नातेवाईक म्हणून. माझे वडील अशाच एका अभ्यासात होते. आधी माझाच विरोध होता, म्हटलं आता काय प्रश्न विचारताय त्यांना, झोपू द्या. शिवाय आम्ही घरात कॅन्सर हा शब्द अण्णांसमोर काढत नव्हतो, त्यामुळे फॉर्मवरून त्यांना कळेल ही भीती. त्या मॅडमनी मला बाजूला घेऊन अर्धा तास ऐकून घेतलं, अजिबात जबरदस्ती नाही, एवढंच म्हणाल्या की त्यांना विचारायचं की नाही हे त्यांनाच विचारू या का? अण्णा हो म्हणाले. आणि आजाराचं सगळं त्यांना आधीच ठाऊक होतं, आम्हाला वाईट वाटू नये म्हणून गप्प होते.

नंतर ते दर वेळी त्या मॅडमची वाट बघायचे. डॉक्टर रिपोर्ट बघतात, आम्ही जेवलात का विचारतो, या विचारतात की तुम्हाला काळजी कसली वाटते. त्यांनी सांगितलं, आमच्यापैकी कुणाला कधी न बोललेलं, की शेताच्या वाटणीवरून भाऊ भांडतील. आम्ही चौघे भाऊ नंतर त्यांच्यासमोर बसलो आणि विषय मिटवला. अभ्यासातून काय निष्कर्ष निघाला मला माहीत नाही, पण ते प्रश्न विचारले गेले हे फार बरं झालं. थकले असतील त्या दिवशी मात्र परत जावं, त्या मॅडम जायच्या.

अनघा_शिकवते
सोशल वर्क शिकवते म्हणून ही भर घालतेच. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यानंतर आपल्याकडे मॉर्फिन मिळणं इतकं अवघड झालं की हॉस्पिटलांनी ते ठेवणंच सोडलं. घरी दिलं तर लोक व्यसनी होतील, गोळ्या बाजारात जातील ही भीती. २००१ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात केरळातल्या कोझिकोडचं काम छापून आलं, दोन वर्षांत १७२३ पेशंटना घरी न्यायला तोंडाने घ्यायचं मॉर्फिन दिलं आणि गैरवापराचं एकही प्रकरण आढळलं नाही. लिहिणाऱ्यांत डॉ. एम. आर. राजगोपाल होते आणि अमेरिकेतले डेव्हिड जोरान्सन, ज्यांचं शिक्षण सोशल वर्कचं! २०१४ मध्ये मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून कायद्यात दुरुस्ती झाली त्यामागे अशा अनेकांचा वर्षानुवर्षांचा रेटा आहे. बाबांना हे नक्की सांग मृण्मयी.

मृण्मयी_सांगली
सगळ्यांचे मनापासून आभार. संतोषदादा, तुमचं वाचून आईला मोठ्याने वाचून दाखवलं. सिस्टर, अजून एकच विचारते, सतत मृत्यू बघायचा म्हटल्यावर स्वतःला कसं सांभाळता? आणि जॉइन होण्याआधी काय विचारून घेऊ?

सिस्टर_सातारा
सांभाळायचं म्हणजे एकटीने नाही सांभाळायचं गं. पेशंट गेला की टीमने दहा मिनिटं का होईना बसून बोलायचं, आमच्याकडे मीटिंगची सुरुवातच त्याने होते, मग डेटा. तिथे अशी पद्धत नसेल तर तूच सुरू करायला सांग, सायकॉलॉजिस्ट आहेत ना. विचारून हे घे: इंटरव्ह्यूमध्ये पेशंट फार अस्वस्थ झाला, किंवा जीव द्यावासा वाटतो म्हणाला तर त्याच क्षणी कुणाला फोन करायचा, हे एथिक्स कमिटीला (संशोधनाला परवानगी देणारी समिती) दिलेल्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, लिहिलेलं असतं, ते पान मागून वाच. घरी भेटीला जाताना सोबत कोण आणि गाडीभाडं कोण देणार. एका दिवसात किती इंटरव्ह्यू, तीनच्या वर म्हणाले तर मी तरी नाही म्हणेन. आणि पेपरवर नाव येणार का हे आत्ताच विचार, लाजू नकोस.