अनुभव धागा : फायनल फँटसी सात आणि आपण गावाकडचे खेळाडू

गावोगाव सेकंड हँड प्लेस्टेशन फिरत होते, तेव्हा बहुतेक घरी क्रिकेट, कुस्ती नाहीतर गाड्यांच्या शर्यती चालायच्या. काहींच्या हाती मात्र तीन डिस्कचा फायनल फँटसी सात लागला आणि ते त्यातच गुंतले. १९९७ चा हा खेळ. दिग्दर्शक योशिनोरी कितासे, संगीत नोबुओ उएमात्सु. त्यानंतर दिसायला कितीतरी देखणे खेळ आले, तरी याची ओढ कमी होत नाही. ती कशामुळे? विदर्भातल्या खेड्यापाड्यांत खेळलेल्यांनी मोकळेपणाने लिहा. इथे कथा उघड होईल, हे नवीन मंडळींनी लक्षात घ्यावं.

सुरुवात मी करतो. माझं गाव भद्रावती तालुक्यातलं. चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं वीज केंद्र आमच्या भागाच्या रोजच्या बोलण्यातलं. आणि या खेळातली पहिलीच मोहीम वीज बनवणारा रिअ‍ॅक्टर उडवण्याची! शिनरा कंपनी जमिनीतून माको उपसते, त्यावर मिडगार शहर झगमगतं. श्रीमंत वरच्या मजल्यावर, गरीब त्याखाली सावलीत. पुढे कळतं, की माको म्हणजे ग्रहाचा जीवनप्रवाहच, मेलेला प्रत्येक जीव त्यातच परत जातो. हे समजल्यावर मी खेळ थांबवून बराच वेळ नुसता विचार करत होतो. राक्षस मारायच्या खेळात कोणी हा प्रश्न विचारेल असं वाटलंच नव्हतं.

वणीकडून :
मले विचाराल तं बॅरेट, क्लाउडचा साथीदार. सगळे नायक क्लाउडची तलवार पाहतात, मी बॅरेटचं गाव कोरेल पायलं. कोळशाचं गाव. शिनरा म्हणते रिअ‍ॅक्टर बांधू, तुमचं भलं होईन. बॅरेटचा दोस्त डाइन एकटा आडवा येते. बॅरेट म्हणते, कोळशाचे दिवस गेले, होऊ द्या. मंग रिअ‍ॅक्टरमंदी स्फोट होते, शिनरा आळ गावावर घेते अन गाव जाळून टाकते. बॅरेटची बायको जाते. डाइनची लेक मार्लिन त्याच्यापाशी वाढते. लय दिवसानं तो गावात परत येते तं लोक त्याले मारतात, शिव्या देतात, अन एवढा तापट माणूस निमूट ऐकून घेते.
आमच्याकडं ज्यायच्या जमिनी खाणीत गेल्या, त्या घरात सही कोणं केली अन कोणं अडवली हे बोलणं अजून निघते. माह्या आबाजीनं सही केली होती. मी त्यायले बॅरेटची सारी गोष्ट सांगितली अन विचारलं, तो चुकला का? ते म्हणे, "लेकरायचं तोंड पायलं का माणूस सही करते, बापू." बॅरेटले माह्याएवढा कोणी ओळखत नसन.

आर्वीहून :
खेळायचा दादा, पण मटेरिया (शस्त्रात बसवायचे जादूचे गोळे) कोणाला कुठलं लावायचं ते मी ठरवायचे. शस्त्रातल्या जोडलेल्या खाचांत 'रिस्टोर'शेजारी 'ऑल' बसवलं की एकाच जादूने सगळे बरे होतात. हे जमलं त्या दिवशी मी घरभर सांगत सुटले. जादू माणसात नसते, मटेरियात असते. काढून दुसऱ्याला द्या, तोही शिकलेलाच. दादा धीर सोडायचा तिथे मी वही काढून जोड्या मांडायचे. आज मी शाळेत गणित शिकवते आणि हा खेळ त्याचा मोठा वाटेकरी आहे, असं मनापासून मानते.

दारव्हा तालुका :
भारनियमनाचे दिवस. यात सेव्ह करता येतं ते जगाच्या नकाशावर, नाहीतर सेव्ह पॉइंटवर. लाइन जायच्या वेळेआधी गुहेतून बाहेर पडायचंच, अशी धावपळ. मेमरी कार्डात पंधरा खाने, ते भावंडांत वाटलेले.

ब्रह्मपुरी :
एरिथ, क्लाउडच्या साथीदारांपैकी एक मुलगी. पहिल्या डिस्कच्या शेवटी खलनायक सेफिरोथ तिला मारतो आणि लगेच जेनोव्हा नावाच्या राक्षसाशी लढाई सुरू होते. पण लढाईचं संगीत वाजतच नाही, तिचीच धून चालू राहते. हात बटणांवर, डोळे भरलेले. तिच्यावर किती मेहनत घेतली होती हो! ती परत मिळेल म्हणून मी पुढे कुठे कुठे शोधलं. खेळ ठाम राहिला, ती परत आली नाही, आणि म्हणूनच हा खेळ मला इतका प्रामाणिक वाटतो.

मेहकर :
आमच्या घरी फक्त चोकोबो, म्हणजे यातले स्वारीचे मोठे पक्षी. शर्यती, जोड्या लावणं, सोनेरी चोकोबो. कथा नंतर कळली.

चंद्रपूरहून :
मी नव्या पिढीचा. आधी याच खेळाचा नव्याने केलेला २०२० चा रीमेक खेळलो, मग त्याचा पुढचा भाग, २०२४ चा रीबर्थ, आणि शेवटी जुन्याकडे आलो. वरचे अनुभव वाचून कोणी सुरुवात करणार असेल तर आधी जुनाच घ्या. मिडगारमधून बाहेर पडल्यावर अख्खं जग उघडतं, तो धक्का रीमेकमध्ये नाही, रीमेक तिथेच संपतो. जुन्यात संवाद बोललेले नाहीत, सगळे लिहिलेले आहेत; इंग्रजी सावकाश वाचणाऱ्यांना ते सोयीचं पडतं. कॉन्फिगमध्ये लढाईची पद्धत 'वेट'वर ठेवा, म्हणजे जादू किंवा वस्तू निवडताना शत्रू थांबतो. आणि मिडगारमध्ये कंटाळू नका, तिथला काही तासांचा भाग म्हणजे फक्त प्रस्तावना आहे.