तादामी मार्ग: इतिहास, स्थानकांची नावे आणि एका दिवसात प्रवास

रूळवेडा
जपानमधल्या तादामी मार्गाबद्दल (आइझू-वाकामात्सू ते कोइदे) नीट माहिती हवी आहे. तीन प्रश्न आहेत.
१) निम्म्या स्थानकांच्या नावाआधी 'आइझू' का लागते?
२) त्सुनामीत वाहून गेलेला हा मार्ग २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला असे वाचले. मग अकरा वर्षे कशाला लागली?
३) पुलाचा तो प्रसिद्ध फोटो आणि पूर्ण मार्गाचा प्रवास, दोन्ही एकाच दिवसात जमेल का?

घाटमार्ग
आधी दुसऱ्या प्रश्नातली चूक दुरुस्त करतो, कारण ती फार ठिकाणी दिसते. त्सुनामीचा इथे काही संबंध नाही. हा मार्ग समुद्रापासून लांब, डोंगरात आहे. मार्च २०११ च्या भूकंपानंतर चार महिन्यांनी, जुलैअखेरीस, निइगाता आणि फुकुशिमा या प्रांतांत अतिवृष्टी झाली. तादामी नदीला पूर आला आणि तिच्यावरच्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या रेल्वेपुलांचे गाळे (खांबांमधले भाग) वाहून गेले. तिन्ही पूल आइझू-कावागुची ते तादामी या २७.६ किमीच्या तुकड्यात येतात, म्हणून नेमका तोच तुकडा बंद राहिला. तादामी ते ओशिराकावा हा पुढचा भाग ऑक्टोबर २०१२ मध्येच सुरू झाला होता.

आता इतिहास. हा एक मार्ग म्हणून कधी बांधलाच गेला नाही. दोन टोकांकडून तुकडे येत गेले:

आइझू-वाकामात्सू ते आइझू-बांगे १९२६, यानाइझूपर्यंत १९२८, मियाशितापर्यंत १९४१, कावागुचीपर्यंत १९५६. पलीकडून कोइदे ते ओशिराकावा १९४२.

मधला कावागुची ते तादामी हा तुकडा तर प्रवाशांसाठी नव्हताच. तागोकुरा धरणाचे सामान वाहून नेण्यासाठी वीजविकास कंपनीने १९५७ मध्ये तो खासगी मालमार्ग म्हणून टाकला. धरणाचे काम उरकल्यावर १९६३ मध्ये तो राष्ट्रीय रेल्वेकडे आला आणि प्रवासी गाड्या धावू लागल्या. शेवटचा दुवा म्हणजे तादामी ते ओशिराकावा, २०.८ किमी. त्यात रोकुजुरिगोए हा ६,३५९ मीटरचा बोगदा आहे. तो तुकडा २९ ऑगस्ट १९७१ रोजी उघडला, तेव्हा कुठे १३५.२ किमीचा सलग मार्ग झाला. तोवर वाकामात्सूकडची बाजू 'आइझू मार्ग' या नावाखाली होती. 'तादामी मार्ग' म्हणजे फक्त कोइदेकडचा तुकडा.

फलाटक्रमांक३
नावांचे उत्तर सोपे आहे. आइझू हे फुकुशिमाच्या पश्चिम भागाचे जुने नाव. कावागुची नावाचे स्थानक सैतामात आहे, नाकागावा यामागातात, वाकामात्सू फुकुओकात. तिकिटात आणि मालाच्या पावतीत घोळ होऊ नये म्हणून आधी प्रदेशाचे नाव जोडायची रीत पडली. डोंगर ओलांडून निइगातात उतरलात की तेच काम 'एचिगो' हे निइगाताचे जुने नाव करते: एचिगो-सुहारा, एचिगो-हिरोसे. म्हणजे पाटी वाचूनही आपण खिंडीच्या कोणत्या बाजूला आहोत हे कळते.

गंमत अशी की इथले वाकामात्सू स्थानक १८९९ मध्ये उघडले आणि १९१७ मध्ये आइझू-वाकामात्सू झाले. शहराने मात्र हे नाव १९५५ मध्ये घेतले. पाटी आधी, गाव नंतर.

आज ३६ स्थानके आहेत. जुन्या नकाशात ३८ दिसतील. तागोकुरा २०१३ मध्ये आणि काकिनोकी २०१५ मध्ये बंद झाले. जुनी यादी हाताशी धरून बेत आखू नका, तागोकुराला आता गाडी थांबत नाही.

उतरण्यासारखी स्थानके माझ्या मते चार. यानाइझू (एन्झोजी मंदिर, आणि 'आकाबेको' या लाल बैलाच्या खेळण्याची कथा इथलीच). मियाशिता (जवळच एकाखाली एक दिसणारे तीन कमानी पूल, त्यांना 'तीन भाऊ' म्हणतात). कावागुची (फलाट नदीला अगदी खेटून). आणि आइझू-ओशिओ, जिथे जमिनीतून नैसर्गिक सोडावॉटर येते. बाकीची बरीचशी म्हणजे एक फलाट आणि एक निवारा.

डिझेलडबा
अकरा वर्षांचे कारण अभियांत्रिकी कमी आणि हिशेब जास्त.

पुरापूर्वी, २०१० या आर्थिक वर्षात, त्या बंद पडलेल्या तुकड्यावर दिवसाला सरासरी ४९ प्रवासी होते. दुरुस्तीचा खर्च सुमारे ९ अब्ज येन. हा मार्ग चालवणाऱ्या जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीचे म्हणणे होते की तिथे बस चालवावी. शिवाय ही कंपनी एकूण नफ्यात, त्यामुळे तेव्हाच्या कायद्यानुसार सरकारी मदतही मिळत नव्हती. शेवटी २०१७ मध्ये तोडगा निघाला. रूळ, पूल, स्थानके यांची मालकी फुकुशिमा प्रांताकडे आणि गाड्या चालवायच्या जेआर ईस्टने. जपानीत याला 'वर-खाली विभागणी' म्हणतात: खालचे रूळ एकाचे, वरची गाडी दुसऱ्याची. २०१८ मध्ये कायदा बदलला आणि केंद्राचाही वाटा आला. १ ऑक्टोबर २०२२ ला गाडी पुन्हा धावली. मात्र देखभालीचा खर्च प्रांत आणि गावांच्या माथी दरवर्षी आहेच, हे उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाही.

पुलांविषयी थोडे. पाचव्या पुलाचा गेलेला गाळाच बदलावा लागला. सहावा आणि सातवा मात्र नव्याने बांधले. जुन्या पुलांची लोखंडी जाळी रुळाखाली लटकत होती, म्हणजे पूर चढला की पहिली तीच सापडणार. नव्यांत जाळी रुळाच्या दोन्ही बाजूंना वर घेतली, त्यामुळे पाण्याला खालून वाट जास्त मिळते. गाडीतून बघताना हा फरक लगेच ओळखू येतो.

१९८० च्या दशकात तोट्यातले मार्ग बंद करण्याची लाट आली, त्यातूनही हा वाचला तो बर्फामुळे. खिंडीतला २५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग हिवाळाभर बंद असतो, मग पर्यायी बस धावणार कुठून?

रूळवेडा
त्सुनामीची चूक कळली, आभार. आता तिसरा प्रश्न राहिला. एका दिवसात?

घाटमार्ग
प्रवास जमतो. फोटोसह जमवायला घड्याळ पाळावे लागते.

पूर्ण मार्ग पार करणाऱ्या गाड्या दिवसाला प्रत्येक दिशेला फक्त तीन. वाकामात्सूहून ढोबळमानाने सकाळी सहा, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच. प्रवास साडेचार तासांच्या आसपास. नेमक्या वेळा त्या महिन्याच्या वेळापत्रकातच पाहा. शेवटची गाडी घेतलीत तर थंडीत बराचसा प्रवास अंधारात जातो. मियाशिता-कावागुचीपर्यंत गाड्या थोड्या जास्त आहेत, फोटोचा बेत त्यांच्या आधाराने आखा.

प्रसिद्ध फोटो पहिल्या पुलाचा, आइझू-हिनोहारा आणि आइझू-निशिकाता या स्थानकांमधला. तो गाडीतून दिसत नाही, कारण तुम्ही त्याच्यावरच असता. निरीक्षण-मचाण 'मिशिमा-जुकू' या महामार्ग-थांब्यामागच्या टेकडीवर आहे. पायऱ्या चढत जाल तशी एकावर एक ठिकाणे येतात, प्रचलित फोटो वरच्यांवरून घेतलेले. मियाशिताला उतरून टॅक्सी घेणे बरे. लोक हमखास चुकतात ते इथे: ज्या गाडीने आलो तिचाच फोटो काढता येत नाही, पुढच्या गाडीची वाट पाहावी लागते. म्हणून सकाळच्या गाडीने मियाशिताला उतरा, मधल्या वेळात पुलावरून जाणाऱ्या गाडीचा फोटो घ्या आणि दुपारच्या गाडीने पुढे कोइदेला जा.

फलाटक्रमांक३
भर घालतो. गाडीत कंडक्टर नसतो. चढताना यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्या. उतरताना ती आणि भाडे चालकाजवळच्या पेटीत टाका. सुटे येन ठेवा, मधल्या स्थानकांवर कार्ड टेकवायला यंत्र नाही. खाण्याचे वाकामात्सूलाच घेऊन चढा.

गाड्या एक-दोन डब्यांच्या. शरद ऋतूत पानगळीच्या रंगांसाठी उभे राहायलाही जागा मिळत नाही, अर्धा तास आधी रांगेत जा. खिडकीच्या बाजूचा हट्ट मात्र नको. नदी सतत बाजू बदलते.

कोइदेला जोएत्सु मार्ग भेटतो. दोन स्थानकांवर उरासा, तिथे शिंकान्सेन (बुलेट ट्रेन). पण तिथे प्रत्येक गाडी थांबत नाही.

डिझेलडबा
हिवाळ्यासाठी एकच सूचना. जोरदार बर्फ पडला की तादामी ते ओशिराकावा हा तुकडा बंद ठेवला जातो, आणि महामार्गही बंद असल्याने खिंड ओलांडून बस येत नाही. तादामीत पोहोचून हे कळले तर ८८.४ किमी मागे वाकामात्सूला जावे लागते, तिथून बानएत्सु पश्चिम मार्गाने निइत्सूवरून वळसा. त्यामुळे सकाळी गाडीत बसण्याआधी जेआर ईस्टच्या सूचना तपासा, आणि कोइदेकडचे हॉटेल रद्द करता येईल असेच घ्या.