'आता फक्त क्रोध उरलाय' म्हणणाऱ्यांनी बायबलमधल्या इब्री पत्राचा सातवा अध्याय वाचावा

शालेमवाट:
काल इथे एकाने लिहिलं की बायबलमधल्या दानीएलाच्या ग्रंथातले शेवटच्या काळाचे आकडे जुळले, चिन्हं पूर्ण झाली, आणि जे अजून तयार नाहीत त्यांच्यासाठी देवाकडे आता फक्त क्रोध उरलाय. आकड्यांचं एक वेळ सोडा. दानीएल 8:14 मधल्या 2300 दिवसांची वर्षं करून अमेरिकन प्रचारक विल्यम मिलरच्या माणसांनी ख्रिस्त परत येण्याची 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरली होती, काहींनी उभं पीक काढलं नाही, आणि 23 तारीख उजाडली. मार्क 13:32 मध्ये पुत्रालाही तो दिवस ठाऊक नाही, तिथे आपण कोण.

मला खटकलं ते शेवटचं वाक्य. योना संदेष्ट्याने निनवे शहरात '40 दिवसांत नाश' असा निरोप दिला, त्यात जर-तर काहीच नव्हतं, तरी शहर गोणपाट नेसून बसलं आणि देवाने अरिष्ट आणलं नाही. यिर्मया 18 मध्ये तर देव स्वतःच सांगतो की राष्ट्र फिरलं तर मीही माझा बेत फिरवीन. आता स्तोत्र 110 काढा. तिथे देव शपथ वाहतो की तू मलकीसदेकासारखा (अब्राहामाच्या काळातला शालेमचा राजा आणि याजक) युगानुयुग याजक आहेस, आणि ही शपथ मी बदलणार नाही. लगेच पुढच्या ओळींत राजांचा चुराडा, राष्ट्रांचा न्याय. म्हणजे न्याय आहेच, पण ज्याच्या हातात तो आहे तोच याजक आहे. लेवीच्या वंशातले याजक मरायचे म्हणून बदलावे लागायचे, आणि सन 70 मध्ये यरुशलेमचं मंदिरच पडलं तशी अर्पणंही थांबली. इब्री 7 म्हणतं तो हा याजक, म्हणजे येशू, मरत नाही, म्हणून मध्यस्थी थांबत नाही. मग 'फक्त क्रोध' बसतो कुठे?

कर्णा_वाजवा:
तुम्ही ज्याला उत्तर देताय तो मीच. तुमच्यासारख्यांमुळे मंडळ्या झोपल्यात. देव शपथ फक्त याजकपणाची वाहतो का? त्याच इब्रीच्या तिसऱ्या अध्यायात 'मी रागाने शपथ वाहिली, हे माझ्या विसाव्यात येणार नाहीत' हे कोणी म्हटलंय? आणि मिसरमधून निघालेली अख्खी पिढी रानात मेली. दहाव्या अध्यायात जिवंत देवाच्या हाती सापडणं भयंकर आहे असं म्हटलंय ते तुम्ही कधी वाचून दाखवता का? निनवे वाचली कारण योना ओरडला. मी ओरडलो तर तुम्हाला त्रास होतो.

शालेमवाट:
योना ओरडला, खरंय, आणि शहर वाचल्यावर चिडून बाहेर जाऊन बसला तेही त्याच पुस्तकात आहे. तिसऱ्या अध्यायाचा मुद्दा मात्र वजनाचा आहे, तो टाळता येत नाही. पण चौथा सोडू नका, तिथे 'आज' अजून शिल्लक आहे म्हणतोय आणि लगेच कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने या म्हणतोय.

गुहा११:
मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या अकराव्या गुहेत 1956 मध्ये प्राचीन यहूदी गुंडाळ्या सापडल्या, त्यातल्या एका तुकड्यात मलकीसदेक स्वतःच देवाचा न्याय बजावतो आणि बेलियालच्या, म्हणजे सैतानाच्या, तावडीतून लोकांना सोडवतो, तेही दहाव्या योबेल (सुटकेच्या) वर्षी. म्हणजे याजक आणि न्याय ही जोडी त्या काळातल्या यहूद्यांनाही वेगळी वाटत नव्हती. दोघांनीही जरा थांबून बघा.

विधवेची_दमडी:
तुमचं मोठं चाललंय, पण मलकीसदेक म्हटलं की आमच्याकडे एकच गोष्ट ऐकवली जायची, अब्रामाने (म्हणजे अब्राहामाने) त्याला दशमांश, म्हणजे दहावा हिस्सा, दिला, तुम्हीही मंडळीला द्या. वडील गेले त्या वर्षी आईकडून दशमांश थकला तर उपासनेत थकलेल्यांची यादी वाचली, त्यात तिचं नाव. ती दुसऱ्या बाकावर बसली होती, मान खाली. हा सर्वकाळचा याजक तिच्या वाट्याला असा आला. कुठली मंडळी ते लिहीत नाही.

कर्णा_वाजवा:
एका मंडळीने चुकीचं केलं म्हणून दशमांश चुकीचा होत नाही ताई. मलाखी 3:10 स्पष्ट आहे, सगळा दशमांश भांडारात आणा.

विधवेची_दमडी:
मलाखी स्पष्ट आहे तर अनुवादाच्या पुस्तकाचा 14वा अध्याय पण स्पष्टच आहे ना, दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी वेशीच्या आत पोटभर खावा म्हणून. माझी आई त्या यादीत घेणाऱ्यांच्या बाजूला यायला हवी होती! आणि अब्रामाने दिला तो लढाईतल्या लुटीतून, स्वतःसाठी त्याने जोड्याचा बंदसुद्धा ठेवला नाही.

पाळकाचा_मुलगा:
मग पाळकाने खायचं काय? आमच्या घरी पगार नव्हता, मंडळी जे देईल ते. आई रविवारी संध्याकाळी पाकिटं उघडायची आणि आम्ही तिचा चेहरा बघायचो. सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर जगावं हे पौलानेच लिहिलंय. पाळक म्हणजे लुटारू असं बोलायची आता फॅशन झालीये.

विधवेची_दमडी:
लुटारू मी म्हटलं का? नीट वाचा. ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, जबरदस्तीने नाही, हेही पौलानेच लिहिलंय. तुमच्या आईचा चेहरा तुम्ही बघितला, माझ्या आईचा मी.

पाळकाचा_मुलगा:
बरं. नाव वाचणं चूकच, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण देणं बंद केलं तर विधवेलाही काही मिळणार नाही, तेवढं बोला.

शालेमवाट:
सातव्या अध्यायात दशमांश येतो तो अब्राहामापेक्षा मलकीसदेक मोठा हे दाखवायला, आणि लेवीचं याजकपण बदललं तिथे नियमशास्त्रही बदलतं हे सातव्यातच बाराव्या वचनात आहे. त्यावरून वसुली कशी निघते ते कोणीतरी सांगा.

कर्णा_वाजवा:
वसुली नाही निघत, मान्य. पण न्यायाची सुरुवात देवाच्या घरापासून होते असं पेत्राने लिहिलंय, आणि ती यादी वाचणाऱ्यालाही त्याच याजकापुढे उभं राहायचंय. तिथे तरी क्रोध चालेल ना तुम्हाला?

विधवेची_दमडी:
मला चालेल.

शालेमवाट:
मलाही. पण पश्चात्तापाची संधी त्यालाही आहे, आणि हे तुम्हा दोघांना आवडणार नाही हे माहीत असून लिहितोय.