मदत हवी आहे: ताईच्या जुन्या गार्डन ट्रॅक्टरसाठी शिअर पिन

नमस्कार मंडळी,
माझी ताई अमेरिकेत बफेलोला असते. ईरी सरोवरामुळे तिकडे एका रात्रीत गुडघाभर बर्फ पडतो. घरापुढची वाट ती जॉन डिअर ३१८ या जुन्या गार्डन ट्रॅक्टरने मोकळी करते. पुढे स्नोब्लोअर (बर्फ उडवून बाजूला फेकणारं यंत्र), मागच्या चाकांना साखळ्या. हे मॉडेल १९८३ ते १९९२ मधलं, पण दाजींनी इतकं जपलंय की ओनान इंजिन आजही पहिल्याच सेल्फला उठतं.

अडचण शिअर पिनची. गोठलेला गोळा किंवा दगड ऑगरमध्ये (बर्फ आत ओढणाऱ्या फिरत्या मळसूत्रात) अडकला की ही पिन तुटते आणि ड्राइव्ह वाचते. म्हणजे ती तुटायलाच हवी! भोसरीतले एक लेथवाले ८.८ ग्रेडच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या बोल्टातून डझनभर करून देतो म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. पिन टिकेल आणि आतलं महागडं काहीतरी जाईल.

माइल्ड स्टीलची केली तर खाच किती खोल द्यावी? आपल्याकडच्या रोटाव्हेटरचा शिअर बोल्ट चालेल का? पुण्यात हे काम नीट जाणणारं कुणी असेल तर कृपया सांगा. दिवाळीनंतर भाचा परत जातोय, त्याच्याबरोबर पाठवायच्या आहेत. तुटलेल्या पिनचे दोन्ही तुकडे नमुन्याला माझ्याकडे आहेत.