बर्बेरा (सोमालियाच्या उत्तर किनाऱ्यावरचं बंदर, आता सोमालीलँडमध्ये) पाहिलंय का कुणी? अनुभव लिहा

बोटवाला: काल शेजारी कुणीतरी लोबान पेटवला आणि मी थेट बर्बेऱ्याच्या धक्क्यावर. २०१६, ऑगस्ट, हजच्या आधीची घाई, बोटीवर मेंढ्या चढवत होते. पांढरं अंग आणि डोकं काळंकुट्ट, मानेपर्यंत शाईत बुडवून काढल्यासारखं. एक अडली की मागच्या शंभर अडायच्या, आणि तो खरीफ, म्हणजे तिथला उन्हाळी वारा, भट्टीचं दार उघडल्यासारखा, वर वाळू. अर्धं गाव रिकामं. ज्यांना परवडतं ते उन्हाळ्यात वर शेख गावी डोंगरात जातात म्हणे

पेठकर: गाव रिकामं होणं जुनंच आहे. पूर्वी ऑक्टोबर ते एप्रिल जत्रा भरायची, कच्छचे वाणी गलबतं घेऊन जायचे. मग चटयांच्या झोपड्या उंटावर टाकून सगळे पसार, उरला नुसता किनारा. बर्टनसाहेब, कंपनीच्या मुंबई फौजेतला इंग्रज प्रवासी, १८५५ मध्ये तिथेच भाला खाऊन आला, या गालातून त्या गालात

बोटवाला: आणि मी दातदुखीची तक्रार करत होतो तिथे 😄

कोंढव्याची काकू: आमच्याकडे होता भाडेकरू बर्बेऱ्याचा, कॉलेजला. पहिल्या रविवारी आंबोळी दिली तर म्हणतो काकू ही तर आमची लहोह! तूप साखर घालून गुंडाळी केली आणि चहाबरोबर सहा खाल्ल्या. भाताबरोबर केळं खायचा, आमचे हे बघतच राहायचे. आई त्याची हर्गेसाची. १९८८ ला त्यांच्याच सरकारने शहरावर बॉम्ब टाकले तेव्हा ती चालत इथियोपियाच्या हद्दीत गेली. हे तो भांडी विसळताना सांगत होता, माझं दूध उतू गेलं

रिकामटेकडा: धावपट्टीचं कुणीच लिहिलं नाही? रशियनांनी बांधलेली, चार किलोमीटरच्या वर. १९७७ ला सोमालियाने त्यांना हाकललं, मग नासाने त्यांचं अंतराळयान, स्पेस शटल, अडचणीत आलं तर उतरायला म्हणून घेऊन ठेवली. शटल काही आलं नाही

बोटवाला: मेंढ्या आल्या

नीलम: काकू आंबोळीचं प्रमाण द्या ना, माझी तव्याला चिकटतेच

कोंढव्याची काकू: तवा कुठला? नॉनस्टिक असेल तर फेकून दे. बिडाचा घे, कांदा अर्धा कापून तेलात बुडव नि फिरव. तोही तसंच करायचा

पेठकर: धागा भरकटला

नीलम: भरकटू दे, कांदा चिरतेय