45 अंशाची रेषा मोबाईलवर एक, लॅपटॉपवर दुसरी. खरी कोणती?

गंजगोलाईकर (लातूर)
नमस्कार मंडळी. आमचं आडतीचं दुकान आहे, सोयाबीनचा भाव दिवसभर कानावर असतोच. डिसेंबर 2021मध्ये सेबीनं सोयाबीनचे वायदे बंद केले, तेव्हापासून चार्टची हौस शिकागोच्या सोयाबीनवर आणि निफ्टीवर भागवायलोय.

एका क्लासमध्ये गॅनचा पंखा शिकवला. गॅन म्हणजे जुना अमेरिकन सटोडिया, पंखा म्हणजे एकाच बिंदूतून निघणाऱ्या त्याच्या तिरक्या रेषा. तळापासून 45 अंशाची रेषा काढायची, भाव तिच्यावर आहे तोवर तेजी, खाली आला की माल सोडायचा. आता दुकानात मोबाईलवर बोटानं चार्ट जरा दाबला की तीच रेषा 60 अंशाची दिसायलीय, घरी लॅपटॉपवर 30ची. नवी 45ची काढावी तर ती भलत्याच भावातून जायलीय. ग्रुपवर विचारलं तर ‘ऑटो स्केल बंद ठेवा’ एवढंच. बंद करून कोणत्या मापावर ठेवायचं ते कुणी सांगंना.

सळईवाला (जालना)
भाऊ, बोट फिरवलं की तेजीची मंदी होते अशा रेषेवर पैसे लावू नका. मी फक्त आडव्या रेषा ओढतो. आडव्याला कोन नाही, कटकट नाही.

एल-सेक्शन (परभणी)
सळईवाल्यांचं अर्धं बरोबर आहे. दोष रेषेचा नाही, कोनमापकाचा आहे.

मी पाटबंधारे खात्यातला, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर नोकरी झाली. 208 किलोमीटरचा कालवा, तळाचा उतार हजारो मीटरला एक मीटर. खऱ्या प्रमाणात काढला तर कागदावर नुसती आडवी रेघ. म्हणून एल-सेक्शन, म्हणजे कालव्याचा लांबीतला उभा छेद, काढताना लांबीचं स्केल वेगळं, उंचीचं वेगळं. लांबी 1:5000 आणि उंची 1:100 धरली की उतार पन्नासपट ताठ दिसतो. नवीन पोरं नकाशा बघून म्हणायची, साहेब, पाणी धबधब्यासारखं पडणार! त्या नकाशाला कोनमापक कुणी लावत नसे. उतार लिहायचा तो ‘इतक्यात एक’ असा.

चार्टवर उभे रुपये, आडवे दिवस. रुपयांना दिवसांनी भागून अंश निघत नाहीत, ‘दिवसाला अमुक रुपये’ निघतं. अंश निघतात ते स्क्रीनच्या मिलिमीटरांतून, आणि ऑटो स्केल तर समोर दिसणाऱ्या सर्वांत वरच्या आणि खालच्या भावाप्रमाणे ते मिलिमीटर सारखे बदलत राहतं.

मग गॅनचे 45 आले कुठून? हा गडी 1878चा, टेक्सासच्या कापूसपट्ट्यातला, म्हणजे पिकं आपलीच. हातानं चौकटीच्या कागदावर काढायचा: एक चौकट भावाचं एक एकक, एक चौकट एक दिवस. चौकट चौरस, म्हणून दिवसाला एक एकक वाढलं की रेषा आपोआप 45 अंशांवर. ते 45 त्या कागदाचे होते. शिकागोत सोयाबीन 1932च्या अखेरीस 44 सेंटला होतं, जानेवारी 1948मध्ये 436ला गेलं. त्या काळात दिवसाला एक सेंट या मापाला काही अर्थ होता. 2022मध्ये तोच भाव 1,700च्या वर होता. निफ्टीत दिवसाला एक पॉइंट म्हणजे तर चेष्टाच.

(जाता जाता: गॅन दोनास एकच्या, म्हणजे दिवसाला दोन एककं चढणाऱ्या रेषेला 63.75 अंश म्हणतो. टॅनच्या कोष्टकात बघा, 63.43 येतात. मुळात त्याला गुणोत्तरच हवं होतं, अंश नावापुरते.)

तेव्हा माप आधी ठरवा आणि वहीत लिहून ठेवा. निफ्टीला दिवसाला 20 पॉइंट धरले समजा. 24 मार्च 2020चा तळ 7,511. तिथून 100 बार पुढे 9,511. या दोन बिंदूंतून साधी ट्रेंडलाइन काढा. आता चार्ट दाबा, ताणा, मोबाईल आडवा करा. दिसायला ती उभी-आडवी होईल, पण प्रत्येक बारवर तिचा भाव तोच राहील. फक्त बार म्हणजे बाजाराचा दिवस, कॅलेंडरचा नव्हे. शनिवार-रविवार मोजणार असाल तर पहिल्यापासून मोजा.

समांतर चॅनेल, अँड्र्यूजचा पिचफोर्क (तीन समांतर रेषा, मधली एका मध्यबिंदूतून जाणारी), फिबोनाचीच्या आडव्या पातळ्या (भाव जितका चढला त्याच्या 23.6, 50 अशा ठरावीक टक्क्यांवरच्या), यांनाही ताणल्यानं काही होत नाही. मध्यबिंदू ताणला तरी मध्यबिंदूच राहतो. वर्तुळं आणि कमानी मात्र सोडून द्या. वर्तुळाची त्रिज्या रुपयांत मोजायची की दिवसांत?

गंजगोलाईकर
काका, दोन बिंदूंचं जमलं, रेषा हलंना आता. पण लॉग स्केलवर फिबोनाची काढली तर पातळ्या वेगळ्याच आल्या की. तुम्ही तर म्हणालात काही होत नाही?

एल-सेक्शन (परभणी)
ताणल्यानं होत नाही म्हणालो. लॉग म्हणजे ताणणं नव्हे, तिथं मापच बदलतं. साध्या स्केलवर समान अंतर म्हणजे समान रुपये, लॉगवर समान टक्के.

निफ्टीचंच घ्या. 7,511पासून ऑक्टोबर 2021च्या 18,604पर्यंत. साध्या मापानं निम्मं म्हणजे 13,058. लॉगच्या मापानं निम्मं 11,821. काही सॉफ्टवेअरमध्ये नुसतं लॉग बटण दाबून हे होत नाही, फिबोनाचीच्या सेटिंगमध्ये वेगळी खूण असते, ती तपासा. आणि 23.6 टक्क्यांची लॉग पातळी 15,019 येते, जून 2022चा तळ 15,183 होता, म्हणून लगेच उड्या मारू नका. इतक्या रेषा ओढल्यावर एखादी जवळ येणारच.

ट्रेंडलाइनचं तर याहून अवघड. समजा भाव 4,000वरून दहा महिन्यांत 5,000 झाला. रेषा पुढं वाढवली तर आणखी दहा महिन्यांनी साध्या चार्टवर ती 6,000ला असेल, लॉगवर 6,250ला. त्या दिवशी भाव 6,100 असला तर एका चार्टवर तेजी शाबूत, दुसऱ्यावर रेषा तुटलेली. इथं डोळ्यांची फसगत नाही, रेषाच दोन आहेत. काही महिन्यांचा चार्ट असेल तर फरक किरकोळ. भाव दुप्पट-तिप्पट झालेला असेल तर मी लॉगच धरतो, कारण 7,000वरचे 500 आणि 18,000वरचे 500 मला सारखे वाटत नाहीत.

सळईवाला (जालना)
म्हणजे फिबोनाचीच्या आडव्या रेषांनाही कटकट आहेच म्हणा!

एल-सेक्शन (परभणी)
हाताने ओढलेल्यांना नाही. गणितानं काढलेल्यांना आहे.

गंजगोलाईकर, तुम्हाला ते 45 डोळ्यांनी बघायचेच असतील तर भावाच्या पट्टीवर उजवी क्लिक करून भाव आणि बार यांचं प्रमाण लॉक करा. पण त्याआधी क्लासवाल्यांना एकच विचारा, तुमचे 45 म्हणजे दिवसाला किती पॉइंट?

गंजगोलाईकर
विचारलं. ‘स्क्रीन फुल करून बघा’ म्हणायलेत.