शब्दचर्चा : उलाढाल, नफा, गल्ला

आमच्या भागातल्या बचत गटाच्या बायका चकली-शेव करून विकतात. त्यांच्यासाठी हिशेबाचं सोपं टिपण लिहिते आहे. ‘टर्नओव्हर’, ‘प्रॉफिट’, ‘कॅश फ्लो’ यांना कोणते शब्द योजावेत? त्या सगळ्यालाच ‘धंदा झाला’ म्हणतात.

प्रतिसाद

टर्नओव्हरला उलाढाल. एकूण विक्रीची रक्कम, त्यातून काहीही वजा न करता. हा शब्द त्यांना पक्का माहीत हवा, कारण जीएसटीची नोंदणी उलाढालीवर ठरते, नफ्यावर नाही. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला सर्वसाधारणपणे वर्षाला 40 लाख, सेवा देणाऱ्याला 20 लाख ही मर्यादा आहे.

नफा मात्र एकच शब्द लिहून सोडू नका. ढोबळ आणि निव्वळ असे दोन लिहा. समजा महिन्याची विक्री 80,000. पीठ, तेल, पॅकिंग 46,000 आणि तळणाऱ्या-वळणाऱ्यांची मजुरी 12,000. उरले 22,000, हा ढोबळ नफा. त्यातून भाडं, वीज, टेम्पो असे 9,000 आणि यंत्राचा घसारा, म्हणजे वापराने घटणारी किंमत, 1,000 वजा केला की 12,000 निव्वळ.

प्रतिसाद

‘कॅश फ्लो’साठी पाठ्यपुस्तकातला ‘रोख प्रवाह’ नको. ‘रोखीची आवक-जावक’ लिहा, ऐकताक्षणी कळतं.

वरचंच उदाहरण घेऊ. 80,000 पैकी 30,000 दुकानदारांकडे उधारीवर आहेत. हातात आले 50,000. घसारा खिशातून जात नाही, तो सोडून बाहेर गेले 67,000. म्हणजे कागदावर 12,000 नफा आणि गल्ल्यात 17,000 ची तूट! पुढच्या महिन्याचं तेल कशातून आणायचं? ही तूट ज्या पैशातून भरून निघते ते खेळतं भांडवल. मला हा शब्द फार आवडतो, कारण पैसा मालात, मालाचा उधारीत आणि वसुलीतून पुन्हा पैशात फिरत राहतो हे त्यात दिसतं.

गल्ला म्हणजे पेटी आणि त्या पेटीतली दिवसाची रोकडही. त्याला नफा म्हणू देऊ नका. बँकेकडून 25,000 कर्ज आलं की रोकड वाढेल, उत्पन्न नाही. पुढे हप्ता भरताना व्याज तेवढं खर्चात, मुद्दल नाही.

मूळ प्रश्नकर्ती

आवक-जावक घेतलं. रोजची नोंद ठेवायच्या वहीला ‘कॅशबुक’ लिहू की ‘कीर्द’?

प्रतिसाद

कीर्द शब्द जुना आणि भारदस्त, पेशवे दफ्तरातल्या रोजकीर्दी प्रसिद्धच आहेत. पण या बायकांसाठी ‘रोजमेळ’ लिहा. सुरुवातीची शिल्लक, दिवसाची जमा, दिवसाचा खर्च आणि रात्री पेटीतली रोकड मोजून मेळ घालायचा, हे सगळं काम नावातच आलं. दुकानदारागणिक येणं किती हे मात्र रोजमेळात सापडणार नाही, त्याला खतावणी, म्हणजे खातेवार वही, लागेल. प्रत्येकाचं एक पान पुरे.

आणखी एक शब्द घालाच : उचल. घरच्या किराण्यासाठी, मुलाच्या फीसाठी गल्ल्यातून काढलेले पैसे धंद्याच्या खर्चात लिहिले की नफा उगाच कमी दिसतो, आणि न लिहिले की मेळ बसत नाही. उचल हा वेगळा रकाना आखून द्या. गटात प्रत्येकीच्या नावाने.